हा माणूस जिवंत आहे का?

सुरुवातीलाच माफी मागते. एखाद्या लेखकाविषयी लिहायचं तर लिहिणाऱ्याचं थोडं वाचन असावं, साहित्यातलं काही कळत असावं. माझं तसं काही नाही. मी त्यांची दोनच पुस्तकं वाचली आहेत, कारण त्यांनी दोनच छापली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा लंडनच्या विमानतळावर कार्गो शेडमध्ये काम करतात, आई आम्ही राहतो त्या हाउन्सलो भागातल्याच एका केअर होममध्ये. मी नऊ वर्षांची असताना आम्ही सांगलीकडून इथे आलो, त्यामुळे माझं मराठी म्हणजे चौथीपर्यंतची शाळा आणि पुढे आईचं बोलणं. चुका होतील. तरी मराठीतच लिहिते आहे, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांना हे वाचता येणार नाही. तेवढीच भीती कमी.

त्यांचं नाव मी देणार नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कुणीच दिलं नसतं.

मी बिझनेसच्या दुसऱ्या वर्षाला होते. मंगळवारी दुपारी दोन तास मोकळे होते आणि लेखनाचं एक ऐच्छिक मॉड्यूल नेमकं त्यात बसत होतं, म्हणून मी ते घेतलं. पहिल्या दिवशी ते खोलीत आले तेव्हा मला वाटलं, आपल्याकडचेच कुणी काका असतील. तसाच रंग, पांढरी मिशी, बुटके, खांदे मात्र ओझी वाहिलेल्या माणसासारखे. शिक्षकाच्या टेबलाकडे ते गेलेच नाहीत. आधी मागच्या भिंतीपाशी जाऊन त्यांनी दुसरा दरवाजा शोधला, तो उघडून जिना कुठे उतरतो ते पाहिलं, पुन्हा लावला. मग एक खुर्ची ओढत नेऊन भिंतीला टेकवली आणि तोंड दाराकडे करून बसले. आम्ही बाराजण माना वळवून त्यांच्याकडे बघत होतो. पुढचं पूर्ण वर्ष आम्ही तसेच, वेडेवाकडे बसून शिकलो.

आम्ही लिहून आणलेलं ते आम्हालाच वाचायला लावत. भाषा, रचना वगैरेंवर नंतर बोलत. कुणाचंही वाचून झालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"हा माणूस जिवंत आहे का?"

आहे म्हटलं की दुसरा प्रश्न, "त्याला विचारलंस का?"

मुलं हसत. एकीने तिच्या मांजरावर लिहिलं होतं, तर ते वाचायच्या आधीच तिने जाहीर केलं की मांजर जिवंत आहे आणि त्याची परवानगी आहे. तेही हसले. पण त्या मांजराच्या गोष्टीत शेजाऱ्याचा घरनंबर आला होता, तो त्यांनी लाल पेन्सिलने इतका खोडला की कागद फाटला.

ते चिकानो होते. मला हा शब्द तोवर माहीत नव्हता. मेक्सिकन मुळाची, पण अमेरिकेत जन्मलेली-वाढलेली माणसं स्वतःला तसं म्हणवतात. त्यांचे आईवडील शेतमजूर, कोबी-सलाडच्या मळ्यांतून फिरणारे. पीक संपलं की बिऱ्हाड पुढच्या गावी. शाळा त्यांनी अकरा बदलल्या. मजुरांचा संप झाला तेव्हा ते विशीत होते आणि ट्रकच्या फाळक्यावर उभं राहून कविता म्हणत. अर्धी ओळ इंग्रजी, अर्धी स्पॅनिश. त्या कवितांचं पहिलं पुस्तक निघालं. पुढे चौतिसाव्या वर्षी कादंबरी आली, तिला बक्षीस मिळालं, ती शाळांमध्ये लावली गेली. आणि मग काही नाही. चाळीस वर्षं एक ओळ छापली नाही. बायको इंग्लिश होती म्हणून ते या देशात आले. ती गेल्यावर लंडनबाहेर मेडनहेडला दोन खोल्यांत एकटे राहत आणि ट्रेनने शिकवायला येत.

लिहीत नव्हते असं नाही. रोज लिहीत, पेन्सिलने, पाकिटांच्या मागच्या बाजूला. आणि दर शुक्रवारी डिपार्टमेंटच्या कागद कातरणाऱ्या मशीनपाशी, श्रेडरपाशी, उभे राहून आठवड्याचं सगळं लिखाण एकेक पाकीट करून आत सोडत. ऑफिसातल्या बाईंना वाटायचं, ते जुने पेपर निकालात काढतायत. मी एकदा तिथे फॉर्म द्यायला गेले होते. मशीनच्या तोंडातून एक ओळ खाली सरकताना मला दिसली. मी ती वाचली आणि मान फिरवली. त्यांनी ते पाहिलं असावं, कारण त्याच दुपारी त्यांनी मला कॅन्टीनमध्ये बोलावून ती गोष्ट सांगितली. मला ते 'मिहा' म्हणत. म्हणजे पोरी.

त्यांच्या लहानपणी, दर हंगामाला बिऱ्हाड परतायचं त्या गावी, भाड्याच्या घरामागच्या गॅरेजमध्ये एक माणूस राहायचा. कागदपत्रं नसलेला, मळ्यात पाण्याची गाडी चालवणारा. या मुलाला तो जेवणाच्या सुट्टीत गोष्टी सांगायचा. पुढे वर्षानुवर्षं तो तिथेच राहिला, आणि कादंबरी त्याच्यावरच होती. त्यात त्यांनी त्याचं खरं नाव घातलं, त्याचं मूळ गाव घातलं, गॅरेजचं हिरवं दार घातलं, रस्ता आणि चर्चची खूणही घातली. प्रेमाने घातलं, म्हणाले. आमच्यासारख्यांची नावं कुणी पुस्तकात घालत नाही, मी घालणार, असं वाटायचं. पुस्तक आलं. गावातल्या वर्तमानपत्राने त्या दाराचा फोटो छापला. ते दूरच्या शहरात शिकवत होते, महिन्याभराने गावात वाचनासाठी गेले, तर घरात नवे भाडेकरू आणि गॅरेज रिकामं. खाट होती, माणूस नव्हता. कुणी म्हणालं इमिग्रेशनवाल्यांनी उचलला, कुणी म्हणालं पळाला. नक्की कुणालाच सांगता येईना.

"तुम्ही शोधलं नाहीत का?" मी विचारलं.

"कुणाला विचारू? विचारायचं तर पुन्हा त्याचं नाव घ्यायला हवं. मी एकदा घेतलं होतं."

त्यानंतर त्यांच्या सवयी मला विचित्र वाटेनाशा झाल्या. कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही ते कोटाच्या आतल्या खिशात जन्मदाखला ठेवत. प्लास्टिकमध्ये घातलेला, घड्यांवर कापडासारखा मऊ झालेला. स्टेशनवर तिकीट तपासणारा दिसला की माझ्याशी चाललेलं बोलणं थांबवून सरळ उभे राहत, आणि तो पुढे गेला की सोडलेल्या शब्दापासूनच परत सुरू करत.

आता माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं.

आमच्या घरात तेव्हा एक नातेवाईक राहायचा. मी त्याला दादा म्हणते. खरं नातं वेगळं आहे. शिकायला आला होता, कॉलेज बंद पडलं, व्हिसा संपला, आणि परत जायचं तोंड राहिलं नाही. तो वरच्या अडगळीच्या खोलीत, बॉक्सरूममध्ये, झोपायचा. त्याचं आता मार्गी लागलं आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. दुसऱ्या टर्मच्या शेवटी आम्हा बाराजणांच्या लेखांची पुस्तिका निघणार होती. मी दादावर लिहिलं. त्यांचे दोन्ही प्रश्न मला ठाऊक होते, म्हणून त्यांना दाखवलेल्या प्रतीत मी नाव बदललं, हाउन्सलोचं दुसरंच गाव केलं, आमच्या घराखालच्या दुकानाची बेकरी केली. ते म्हणाले, चांगलं आहे, जाऊ दे.

पण छपाईला जायच्या दिवशी मी ते वाचलं आणि मला सगळं खोटं वाटलं. आमच्या रस्त्यावर बेकरी नाहीच. दादाचं बदललेलं नाव मला तोंडात बसेना. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही छापून येणार होतं, आणि आईबाबांनी हातात घेतलं तर त्यांना आपलं घर ओळखू यावं असं मला वाटत होतं. पुस्तिकेची मांडणी करणारा मुलगाही मराठीच, इथे जन्मलेला, लंडनच्या दुसऱ्या टोकाला एजवेअरचा. त्याला मी म्हटलं, खरी नावं परत घाल. तो म्हणाला, "मस्त, जास्त रिअल वाटते तो." पाच मिनिटांत रस्ता, दुकान, दादा सगळे जागच्या जागी आले.

प्रकाशन म्हणजे दुपारी तीनला चहा-बिस्किटं. ते अडीचलाच आले, खोक्यातली एक पुस्तिका उचलून भिंतीशी बसले. मी खुर्च्या मांडत होते. थोड्या वेळाने पाहिलं तर ते खोक्यातल्या सगळ्या पुस्तिका एका कापडी पिशवीत भरत होते. घाईत एक-दोन खाली पडल्या. त्या उचलून त्यांनी पुसल्या आणि पिशवीत टाकल्या. मुलं आली तेव्हा त्यांनी सांगितलं की छपाईत मोठी चूक झाली आहे आणि ती सर्वस्वी आपली आहे. माझ्याकडे पाहिलंही नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तीस छापल्या होत्या. एकोणतीस आहेत."

तिसावी त्या मुलाने आदल्या दिवशी घरी नेली होती. आजीला दाखवायला.

आम्ही तिघं लगेच एजवेअरला निघालो. भुयारी ट्रेनमध्ये ते पिशवी पोटाशी धरून बसले होते. तो मुलगा सारखं सॉरी म्हणत होता आणि नेमकं कशाबद्दल ते त्याला कळत नव्हतं. आजींनी दार उघडलं, त्यांना पाहून नमस्कार केला, आणि मला बघून विचारलं, "ते बॉक्सरूमवालं लिहिणारी तूच का गं?"

मी हो म्हटलं.

"छान लिहिलंयस. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. पण तो मुलगा जेवतो कधी, ते काही तू लिहिलं नाहीस." मग आत जाऊन पुस्तिका आणता आणता म्हणाल्या, "सकाळी भजनाच्या ग्रुपला फोनवर मराठी करून वाचून दाखवलं मी. जयाबाईंची सून हाउन्सलोलाच असते. ती म्हणाली, ते दुकान मला माहितीये."

शिक्षकांनी मला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"आवडलं म्हणतायत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुस्तिका पिशवीत घातली, आजींनी पुढे केलेला लाडू घेतला, हात जोडले. जिन्यात म्हणाले, "मिहा, मला तुमची भाषा येत नाही. पण 'दुकान' असं काहीतरी त्या म्हणाल्या, तेव्हा तू हात भिंतीला टेकवलास." मग मी सगळं सांगितलं.

त्या रात्री आईला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, किती बायका असतात त्या ग्रुपमध्ये? मला माहीत नव्हतं.

पुढचे आठवडे कसे गेले ते मला नीट लिहिता येणार नाही. खाली दुकानासमोर गाडी थांबली की आम्ही सगळे बोलायचे थांबायचो. पोस्टमन, पार्सलवाला, कौन्सिलचा माणूस, दारावरची प्रत्येक थाप वेगळी ओळखू यायला लागली. एका रविवारी सकाळी बेल वाजली. निळं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस. आईने दार उघडलं तोवर दादा मागच्या जिन्याने खाली अंगणात उतरून कचऱ्याच्या डब्यांमागे बसला होता, पायांत नुसते मोजे. तो माणूस पाण्याचा मीटर बघायला आला होता. बघून, थँक यू म्हणून गेला. दादा पाऊण तास आत येईना. बाबा बाहेर जाऊन त्याच्याशेजारी बसले. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, "आता हेही घाल तुझ्या गोष्टीत."

मी मंगळवारी वर्गात गेले नाही. म्हणून ते घरी आले. आमचं घर विमानांच्या वाटेखालीच आहे, दर दोन मिनिटांनी एक डोक्यावरून जातं. त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि विमानाचा आवाज आला तसा त्यावर तळहात ठेवला. विमान गेलं, हात काढला. दुसरं आलं, पुन्हा ठेवला. बाबांना हसू आवरेना. शेवटी म्हणाले, "मास्तर, चहा काही उडून जात नाही." मी भाषांतर केलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की लहानपणी मळ्यावर विमानं खाली येऊन औषध फवारायची, माणसं आत राबत असतानाच. त्यांची आई पोरांना शालीखाली घ्यायची आणि पाण्याच्या भांड्यावर हात धरायची. पुढच्या विमानाला मी पाहिलं, बाबांनीही आपला कप थोडा जवळ ओढून घेतला.

माझ्या आईची त्यांनी माफी मागितली. लेखकांच्या वतीने, म्हणाले. आईने सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "सांग त्यांना, राग तुमच्यावर नाही. पण एवढी वर्षं हे पोटात घेऊन हा माणूस जगला कसा, ते विचार." मी विचारलं. ते उठून दादासमोर जाऊन बसले. जाताना त्याचा हात दोन्ही हातांत धरून स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलले. दादाने मान डोलावली, कळल्यासारखी.

आमच्या घरी शेवटी कुणी आलं नाही. जयाबाईंच्या सुनेने कुणाला सांगितलं नाही, किंवा सांगितलं आणि ऐकणाऱ्याने सोडून दिलं. मला कधीच कळणार नाही. पण सात-आठ आठवड्यांत माझी ही अवस्था झाली होती, आणि ते चाळीस वर्षं तसेच होते. म्हणून मी ते केलं. बरोबर केलं की नाही, ते अजून ठरवता येत नाही.

लायब्ररीत त्यांच्या कादंबरीची एक प्रत होती. त्यातलं नाव आणि त्यातलंच मूळ गाव मी फोनवर शोधायला टाकलं. त्यांचे दोन्ही प्रश्न कानात होते, आणि तो माणूस जिवंत आहे का हेच तर मी न विचारता शोधत होते. त्या गावात त्याच आडनावाचं एक सायकलचं दुकान निघालं. दुकानाचं ऑनलाइन पान चालवणाऱ्या मुलीला मी साध्या इंग्रजीत लिहिलं, की या नावाचे कुणी गृहस्थ तुमच्या घरात होते का, त्यांच्यावर एक पुस्तक आहे, लिहिणारे माझे शिक्षक आहेत. पाठवलं आणि लगेच परत घ्यावंसं वाटलं. तोवर ते पोचलं होतं.

उत्तर पाचव्या आठवड्यात आलं. लांबलचक, स्पॅनिशमध्ये. खाली 'भाषांतर पाहा' असं बटण होतं. मी अंगठा तिथवर नेला आणि काढून घेतला. त्यांच्या आधी मी ते वाचणं बरं वाटेना. खरं सांगायचं तर त्यात काय असेल याची भीतीच जास्त होती. तो माणूस उचललाच गेला होता, पुस्तकामुळेच, असं असेल तर? मग मी ते हातात घेऊन त्यांच्या दारात जाणार होते. दोन दिवस फोन पालथा ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रेन पकडून मेडनहेडला गेले.

त्यांनी दाराची साखळी न काढता आधी फटीतून पाहिलं, मग उघडलं. मी उंबऱ्यावरच सांगून टाकलं. "मी गॅरेजमधल्या त्या माणसाचं नाव लिहिलं. कुणालाही न विचारता."

"कुणाला लिहिलंस?"

"त्यांची नात आहे बहुतेक. उत्तर आलंय. मी वाचलेलं नाही."

मला वाटलं, ते दार लावून घेतील. ते आत गेले आणि चष्मा शोधू लागले. चष्मा टेबलावरच होता, तरी त्यांना सापडेना. मी तो हातात दिला. मग ते खिडकीशी बसले आणि फोन धरून वाचायला लागले. ओठ हलत होते. मध्येच पडदा काळा व्हायचा, की मी वाकून त्यावर बोट ठेवायची. शेवटपर्यंत जाऊन ते पुन्हा पहिल्या ओळीवर आले. त्यांच्या तोंडावरून मला काहीच कळेना. मी कोट काढला नव्हता, उठून जावं लागेल अशा बेताने खुर्चीच्या कडेवर बसले होते.

मग ते मला इंग्रजीत सांगू लागले, एकेक वाक्य, वर्गात उभं करून वाचायला लावलेल्या मुलासारखे.

आजोबांना कुणी पकडलं नव्हतं. त्यांची आई आजारी पडली म्हणून ते नाताळच्या आधी, सालही तिने लिहिलं होतं, स्वतःच गावी परत गेले आणि मग तिथेच राहिले. एवढं सांगून माझे शिक्षक थांबले. त्यांचं पुस्तक आलं होतं त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये. त्यांनी बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले. "चार महिने आधी," ते म्हणाले. मग तेच वाक्य स्पॅनिशमध्ये म्हणाले, खिडकीकडे बघून. त्यांना पाणी द्यावं असं वाटलं, पण उठायचा धीर होईना.

काही वेळाने पुढचं सांगितलं. आजोबांनी सायकली दुरुस्त केल्या, लग्न केलं, चार मुलं झाली. रविवारी जेवताना ते वाईट आवाजात गायचे. तीन वर्षांपूर्वी आपल्याच घरात, झोपेत गेले. त्यांच्यावर पुस्तक आहे हे त्यांना माहीत नव्हतं, घरात कुणालाच माहीत नव्हतं, तुमच्याकडूनच कळलं.

"संपलं?" मी विचारलं.

त्यांनी नाही अशी मान हलवली. पडदा पुन्हा काळा झाला होता. मी बोट ठेवलं. शेवटची ओळ त्यांनी आधी मनात वाचली, चष्मा काढून पुसला, आणि मग मला सांगितली.

"ही लिहिते, हिची आजी शेजारीच बसली आहे. ती विचारायला सांगतेय, पुस्तकात त्यांचं नाव खरं घातलंय ना?"